उजव्या कोपऱ्यातील दोन अक्षरे

मंजुळा,

तुझ्या शोकसभेत तुझ्याविषयी तीन माणसे बोलली आणि तिघेही चुकीचे बोलले. चौथा बोलणार मी होतो. मी आधी त्या तिघांचे खंडन केले, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाले की म्हाताऱ्याला दुःख आवरत नाही. दुःख मी घरून आवरूनच निघालो होतो. चुकीचे विधान बसून ऐकणे मला पन्नास वर्षांत जमलेले नाही आणि तुझ्या तसबिरीसमोर ते जमवावे असे मला वाटले नाही.

भिवंडीतील धामणकर नाक्याजवळचे ते सभागृह तुला माहीत आहे. खाली रिक्षांचे भोंगे, वर पंख्यांची घरघर. त्यात माझे अर्धे बोलणे वाहून गेले. म्हणून आता लिहितो. प्रश्न साधा आहे. आपल्या कार्यालयातून जी कामे गेली, त्यांत तुझे काय होते? सभेचे उत्तर असे की तुझे फक्त हात होते, डोके माझे होते. हे उत्तर माझ्या गौरवाचे आहे, आणि ते खोटे आहे.

पहिल्या वक्त्याने, जो स्वतः इंजिनिअर आहे, भाषणाचा आरंभच माझ्या एका ‘प्रसिद्ध वाक्या’ने केला. ‘जमीन ढकलते, ओढत नाही. सरांचे हे वाक्य मंजुळाताईंनी आयुष्यभर पाळले.’ लोकांनी माना डोलावल्या. तू असतीस तर तोंडावर पदर धरून हसली असतीस.

त्या वाक्याचा जन्म सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्याच्या चिमणीपाशी झाला. आपल्याकडे संगणक येऊन वर्षही झाले नव्हते. मी हाताने हिशेब करणारा माणूस. त्या यंत्राकडे मी घरी आलेल्या अनोळखी पाहुण्याकडे पाहावे तसा पाहत असे. तू आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम करून आलेली, कामाला लागलीस ती ड्रॉइंगवर ट्रेसिंग कागद ठेवून रेघा गिरवायला. पण जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला आणि शब्दकोश दुसऱ्या बाजूला ठेवून तू त्या प्रोग्रॅमचे जाडजूड पुस्तक वाचून काढलेस. इमारतीचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकावर किती भार येतो हे तो प्रोग्रॅम सांगतो. मात्र इमारत कशावर उभी आहे, हे त्याला आपण सांगायचे असते. बहुतेक लोक सांगत की ती अचल खडकात रोवलेली आहे, आणि मोकळे होत. तू मात्र पायाखाली स्प्रिंगा घालायला शिकलीस: इतका भार आला की जमीन इतकी दबेल, असे सांगणाऱ्या स्प्रिंगा.

त्या चिमणीच्या फुटिंगखाली, म्हणजे पायाच्या रुंद बैठकीखाली, तू स्प्रिंगा घातल्यास, वारा लावलास आणि मला हाक मारलीस.

“साहेब, वाऱ्याकडच्या स्प्रिंगा ताणल्या गेल्यात.”

“मग?”

“मग त्या फुटिंगला खाली धरून ठेवतायत. म्हणून चिमणी उभी दिसतेय.”

“उभी दिसतेय ना? झाले तर. चिन्ह उलटे वाचत असशील.”

तू खुर्ची मागे सरकवलीस. चिडलीस की तुझी कार्यालयातली भाषा गळून पडायची आणि तुझ्या गावची, काल्हेरची, वर यायची. “साहेब, जमीन ढकलते. ती ओढत न्हाय.”

“खाडीचा गाळ तर चांगला पाय धरून ठेवतो.”

“धरतो तो ओला हाय म्हणून. सुकला का सोडतो. त्याचे भरवशावर चिमणी उभी करताव?”

मी चहा मागवला. वादात हरलो की मी चहा मागवतो, हे तुला ठाऊक होते. तू ताणलेल्या स्प्रिंगा एकेक करून काढून टाकल्यास आणि पुन्हा गणित चालवलेस. वाऱ्याकडची कड उचलली गेली. चिमणी कलू पाहत होती. फुटिंग आपण वाढवले. आज त्या चिमणीतून धूर निघत नाही, पण ती सरळ आहे.

ते वाक्य मी उचलले. उचलले हाच शब्द योग्य आहे. आधी ठेकेदारांना ऐकवले, मग इंजिनिअरांच्या सभांत. पुढे तर माझ्या भाषणाचा तो शेवट ठरून गेला. त्यातील ‘न्हाय’चे मी ‘नाही’ केले, एवढेच त्यात माझे योगदान.

दुसरा वक्ता तुझा भाऊ हरेश. तो रडत होता, म्हणून सभेत मी त्याला सोडून दिले. तो म्हणाला, “साहेबांनी सांगायचं आन् ताईनं बटन दाबायचं. साहेबांनीच घडवली तिला.” सभा संपल्यावर मी त्याला जिन्यात गाठले.

“हरेश, तुझी बहीण कोणते बटन दाबायची ते सांग.”

“आता ते मला काय म्हाईत, साहेब.”

“मग ज्याची माहिती नाही त्यावर भाषण करू नये.”

त्याने डोळे पुसले आणि रडता रडता हसला. “ताई बोलायची, साहेब मयतीला पण भांडतील.”

हे तू म्हणाली असशील यात मला शंका नाही. हा एकच पुरावा त्या दिवशी अस्सल निघाला.

पण त्याला समजावून सांगायला हवे होते, आणि जिन्यात ते जमले नाही. बटन दाबणे हे कामच नव्हते. स्प्रिंग किती ताठ, किती मऊ, हा आकडा प्रोग्रॅम देत नाही. तो विचारतो आणि तुमच्या उत्तरावर निमूट विश्वास ठेवतो. चुकीचा आकडा दिला तर चुकीचे उत्तर तितक्याच सुंदर रंगांत दाखवतो. तो आकडा ठरवणे म्हणजे जमिनीविषयी जबाबदारीने एक विधान करणे. मी ते विधान अहवाल वाचून करीत असे. तू जमिनीवर जाऊन करायचीस. आणि जिथे आपल्या दोघांची विधाने परस्परांविरुद्ध उभी राहिली, तिथे कोण चुकले, हे आता सांगायला हवे, कारण तिसऱ्या वक्त्याने नेमकी तीच गोष्ट उलटी सांगितली.

तो तिसरा वक्ता म्हणजे दापोड्याचे शेठ. त्यांचे गोदाम हे आपल्या कार्यालयाचे सर्वांत नावाजलेले काम. ते उभे राहून म्हणाले, “बाजूच्या गोदामाची मागची फरशी बसली, शटर लागत न्हाय. आमच्या गोदामाला चीर न्हाय. कशामुळं? सायबांची नजर!” टाळ्या पडणार होत्या, शोकसभा आहे हे आठवून लोक थांबले.

माझी नजर काय होती, ते ऐका, शेठ.

ती जागा मूळची खाजणाची, खाडीच्या खाऱ्या पाण्याखाली येणारी. भातशेती, बांध, पलीकडे खाडी. जमिनीची तपासणी करायला दोन बोअर मारले, तेही रस्त्याच्या कडेला, कारण मागे यंत्र रुतले असते. दोन्हीकडे थोड्या खोलीवर खडक लागला. पुढे सगळ्या प्लॉटवर मुरूम पसरला आणि मागचे-पुढचे एक झाले. मुरूम पसरल्यावर प्रत्येक जमीन एकाच जातीची दिसते. आमच्या पट्ट्यातील अर्ध्या चुका या तांबड्या चादरीखाली झाकलेल्या आहेत. मी अहवालातून एक आकडा काढला आणि तुला सांगितले की सगळ्या कॉलमांखाली हीच स्प्रिंग घाल.

तू म्हणालीस, “मागं पण?”

“मागेपुढे कशाला? अहवाल एक आहे.”

दुसऱ्या दिवशी तू अर्ध्या दिवसाची रजा घेतलीस आणि तुझ्या वडिलांना, बाळारामबुवांना, दापोड्याला घेऊन गेलीस. त्या बाजूला ते तरुणपणी मजुरीला जात. हे सारे तू मला नंतर सांगितलेस: ते काठी टेकत प्लॉटच्या मागच्या टोकाला गेले, लांबच्या तिवरांच्या रांगेवरून अंदाज घेतला आणि एका जागी थांबून म्हणाले, “बाय, हितं उघाडी व्हती. भरतीचं पाणी हितूनच आत घ्यायचो. मी हितं जाळं लावायचा.” तू जेसीबीवाल्याला विनवून तिथे खड्डा काढायला लावलास. मुरूम संपला आणि खाली काळा गाळ लागला, आणि गाळात उघाडीच्या दाराची एक लाकडी फळी.

ती फळी तू माझ्या टेबलावर आणून ठेवलीस. माझ्या टेबलावर, मंजुळा! तिच्यातून काळे पाणी गळत होते आणि समोर महापालिकेचे पत्र पडले होते.

“ही घाण बाहेर काढ.”

“साहेब, ही घाण तुमच्या मागच्या कॉलमांखाली हाय.”

“एका फळीवरून मी अहवाल बदलणार नाही.”

मी तो बदलला नाही. एकच आकडा ठेवून ड्रॉइंग शेठकडे रवाना केले. सोबत आपल्या कार्यालयाचे नेहमीचे वाक्य होते: सात दिवसांत हरकत न आल्यास ड्रॉइंग मान्य समजण्यात येईल. ते वाक्य मालकांसाठी होते. कार्यालयातील माणसाने आपल्याच कार्यालयाच्या ड्रॉइंगवर हरकत घ्यावी, असे मला कधी सुचले नव्हते. सहाव्या दिवशी आवक नोंदवहीत शिक्का मारलेले, माझ्या नावाचे, तुझ्या वळणदार अक्षरातले पत्र माझ्यासमोर आले. ‘महोदय, विषय: दापोडे येथील गोदामाच्या पायाबाबत हरकत.’ मी मोठ्याने हसलो. तू हसली नाहीस. “आधी बघा, मग हसा,” म्हणालीस आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवलास.

एकाच इमारतीची दोन गणिते तू चालवली होतीस. पहिल्यात माझी एकसारखी स्प्रिंग: सगळी इमारत समान दबत होती, एकाही बीमला त्रास नव्हता, चित्र शांत निळे. दुसऱ्यात पुढे रस्त्याकडे ताठ, मध्ये बांधाच्या जागी मध्यम, मागे उघाडीपाशी मऊ. मागच्या कॉलमांची ओळ खाली चालली होती, आणि जिथे कठीण जमीन संपून गाळ सुरू होत होता तिथले बीम लाल झाले होते.

मी चहा मागवला.

मग पेन्सिल घेतली आणि माझ्याच ड्रॉइंगवर आडवी रेघ मारली. मागच्या दोन ओळी खडकापर्यंत जाणाऱ्या खोल खांबांवर, पाइलवर, नेल्या. येथवर मी इंजिनिअरसारखा वागलो. परंतु दुसऱ्या दिवशी शेठने विचारले की एकाएकी बदल का, तेव्हा मी म्हणालो, “तपासणीत लक्षात आले.” कोणाच्या, ते मी बोललो नाही. शेठने माझ्याकडे आदराने पाहिले. तू कोपऱ्यात ड्रॉइंगांची गुंडाळी धरून उभी होतीस. त्या एका वाक्यावर पुढे माझी कीर्ती उभी राहिली: भिवंडी ते काल्हेर कुठेही फरशी बसली की लोक मला बोलवायला येऊ लागले.

त्या बैठकीनंतर तू एकच मागितलेस. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात नावांची चौकट असते. रेखाटन, तपासणी, मंजुरी. रेखाटनापुढे तुझे नाव असायचेच. तुला तिथे ‘विश्लेषण’ असा एक रकाना हवा होता.

“पदवीशिवाय सही करता येत नाही, मंजुळा. कायदा आहे.”

“सही नको, साहेब. दोन अक्षरं.”

“पुढच्या ड्रॉइंगला बघू.”

पुढचे ड्रॉइंग अठरा वर्षे आले नाही. कायदा सहीपुरता होता. दोन अक्षरांना कोणताही कायदा आडवा येत नव्हता, हे मला त्याही दिवशी माहीत होते. आडवा आलो तो मी. तू पुन्हा मागितले नाहीस. तू त्याचा सूड वेगळ्या रीतीने उगवलास: त्यानंतर आपले एकही ड्रॉइंग तुझ्या हरकतीवाचून गेले नाही. सहावा दिवस, आवक शिक्का, ‘महोदय’. कधी स्प्रिंग, कधी सळईचे अंतर, कधी माझे शुद्धलेखन. त्या हरकतींनी या भागातील किती इमारती सावरल्या, ते त्यांच्या मालकांना कधी कळणार नाही. मला माहीत आहे. जमीन वाचणारी अशी व्यक्ती मी दुसरी पाहिली नाही, आणि मी बऱ्याच पदव्या पाहिल्या आहेत. तू माझ्या कार्यालयात होतीस याचा मला जितका अभिमान आहे, तितका माझ्या कोणत्याही इमारतीचा नाही. हे मी तुझ्यासमोर एकदाही बोललो नाही. त्याचे खंडन करायला माझ्याकडे काही नाही.

आता चौथ्या विधानाकडे येतो. तेच मला सर्वांत जास्त झोंबले आहे.

शेठना त्याच गोदामावर आणखी एक मजला हवा आहे. आता कार्यालय चालवते ती नफिसा. तिला तू शिकवलेस, आणि ती तुझ्याइतकीच उद्धट निघाली आहे, तेव्हा शिकवणी पुरी झाली म्हणायची. सभेनंतर दोन दिवसांनी तिने ते जुने गणित उघडले आणि मला हाक मारली.

“सर, जरा इधर आओ. ताईंनी नावं बघा काय दिलीयत.”

स्प्रिंगांच्या गटांना तू नावे दिली होतीस. रोमन अक्षरांत, पण शब्द आपले: रस्ता, बांध, उघाडी. मी चष्मा पुसला.

“आणि खाली एक नोट पण आहे, सर. तुमचंच नाव आहे.”

तिने वाचून दाखवली. ‘साहेबांच्या सांगण्यावरून उघाडीकडील स्प्रिंग कमी केली.’

माझ्या सांगण्यावरून! मी तर त्याच्या नेमके उलट सांगितले होते. नफिसाला वाटले की मला आनंद होईल. मी इतका संतापलो की ती पाणी आणायला उठली. तीन वक्त्यांचे मी एक वेळ समजू शकतो; ते त्या खोलीत नव्हते. तू होतीस. गणित शेठच्या तपासनिसांकडे जाणार होते, आणि साहेबांचे आधीचे ड्रॉइंग चुकले होते हे त्यांना दिसू नये म्हणून तू ती ओळ लिहिलीस, एवढे मला कळते. माझी अब्रू सांभाळायचे काम तुला कोणी दिले होते? कॉलमाखाली खोटी स्प्रिंग तू एक क्षण सहन केली नाहीस, आणि माझ्याखाली मात्र स्वतःच्या हाताने घातलीस? उद्या कोणी कागद काढून म्हणेल की मंजुळेनेच लिहून ठेवले आहे, तेव्हा म्हातारा उगाच विनय दाखवतो आहे. तुझे हे विधान मला मान्य नाही. इतरांचे खोडले तसे तुझेही खोडतो आहे.

तुझ्या संगणकाचा पडदा उंच व्हावा म्हणून त्याच्याखाली एक फळी असते. नफिसाने टेबल आवरताना विचारले की हे जुने लाकूड टाकून द्यायचे का. “हात लावू नकोस,” मी म्हणालो. तू ती धुऊन, वाळवून, पडद्याखाली ठेवलीस त्या सकाळीच मी तिला ओळखले होते. इतकी वर्षे रोज पाहिली. आपण दोघे किती भांडलो, आणि मुख्य भांडण तेवढे राहून गेले.

तेव्हा मी पुढील गोष्टी केल्या आहेत. नव्या मजल्याच्या ड्रॉइंगबरोबर गोदामाच्या पायाचे जुने ड्रॉइंग मी सुधारून पुन्हा काढायला लावले आहे. पायात बदल काही नाही. बदल फक्त उजव्या कोपऱ्यात आहे. नफिसाने विचारले, “सर, सुधारणेचं कारण काय लिहू? क्लायंटला काय फरक पडतो?”

“फरक पडावा म्हणून लिहायचे नसते. लिही: मूळ नोंद चुकीची. मागील बाजूच्या मऊ जमिनीचा शोध व स्प्रिंगांचे आकडे मंजुळा बाळाराम यांचे. कार्यालयप्रमुखांनी प्रथम ते नाकारले होते.”

“हे पण लिहू? नाकारले होते?”

“ते आधी लिही.”

आणि चौकटीत, तपासणीच्या वर, एक नवा रकाना आला आहे. विश्लेषण: मं. बा. दोन अक्षरे. त्याखाली माझी सही आहे.

एक प्रत शेठकडे पाठवली. एक हरेशच्या हातात दिली, त्याने ती उलटीसुलटी पाहिली आणि त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून “ही ताई?” एवढेच विचारले. तिसरी प्रत तुझ्या टेबलावर, फळीखाली सरकवून ठेवली आहे, कार्यालयाच्या नेहमीच्या वाक्यासह: सात दिवसांत हरकत न आल्यास ड्रॉइंग मान्य समजण्यात येईल.

सहाव्या दिवशी मी आतल्या खोलीत गेलो नाही. सकाळपासून आवक नोंदवहीपाशी खुर्ची टाकून बसलो. नफिसाने दोनदा चहा आणून ठेवला. मी मागवला नव्हता. विजेचे बिल आले, सिमेंटवाल्याचे पत्रक आले. ‘महोदय’ आले नाही. सातवा दिवसही गेला.

आज आठवा आहे. नियमाप्रमाणे ड्रॉइंग मान्य झाले आहे. अठरा वर्षांत तुझ्या हरकतीवाचून मान्य झालेले हे पहिलेच.